वीतभर खाली

“अहो, गॅस निघणार कुठून? निघायला आधी पीक उभं लागतं.”

हे लिफ्टमध्ये माझ्या इतक्या जवळून बोललं गेलं की बोलणाऱ्याचा श्वास मला कानामागे लागला. मी दाराकडे तोंड करून उभी होते. मागे आमचा सुईवाला होता आणि जीपचा ड्रायव्हर. सुईवाला म्हणजे गावोगाव फिरून भाताच्या शेतातली हवा गोळा करणारा माणूस. रोपांवर पारदर्शक पेटी पालथी घालायची, दर दहा मिनिटांनी सुई टोचून आतली हवा ओढायची आणि बोटाएवढ्या बाटल्यांत भरून आणायची, हे त्याचं काम. त्याची कुरकुर रोजचीच, कधी रस्त्यांवर, कधी जळवांवर. पण आज तो म्हणत होता की सोळा नंबरच्या शेतात चार वेळा पेटी लावली, चारही वेळा आत नुसता वाळका पेंढा, आणि वर साहेबलोकांच्या टाळ्या चालल्यात की गॅस निम्म्यावर आला. “मेलेल्या माणसाचा तापही उतरतोच की,” तो म्हणाला. ड्रायव्हर हसला. तिसऱ्या मजल्यावर दोघं बाटल्यांचे खोके घेऊन उतरले, सुईवाल्याचं कोपर मला लागलं, तो “सॉरी बाई” म्हणाला आणि दार मिटलं. माझा मजला चौथा. मी सातव्यापर्यंत गेले आणि परत तळाला आले, कारण बटण दाबायचं राहूनच गेलं होतं. शेतकऱ्यांची यादी मीच टाइप केली होती. सोळा नंबर म्हणजे माझा धाकटा भाऊ.

मला काही माहीतच नव्हतं असं म्हणायची सोय नाही. धाकटा गेले अठरा दिवस माझ्याकडे आहे. दाढ दुखते म्हणून आला, दाढ दुसऱ्याच दिवशी काढून झाली, आणि मग तो राहिला. माझं घर दोन खोल्यांचं, राहणारी मी एकटी. त्यानं आधी स्वयंपाकघरातला गळका नळ धरला. मग खिडकीची कडी, मग गॅसच्या शेगडीचं बटण, मग खालच्या मजल्यावरच्या म्हातारीची खुर्ची. पीक कसं आलं असं मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी विचारायचं राहिलं ते दाढेमुळे, दुसऱ्या दिवशी सुजेमुळे, आणि तिसऱ्या दिवसानंतर विचारणं म्हणजे मुद्दाम विचारणं झालं असतं. तोही बोलायचा तो हवेवर. यंदा फुलोऱ्यात गरम वारा फार सुटला. कालव्याचं पाणी उशिरा आलं. जमीन तशी रेताडच आपली. एकेक कारण तो जेवताना ताटाशेजारी ठेवायचा आणि मी मान डोलवायची. आता घरात मोडकं काही उरलेलं नाही. परवा मी कपाटाची एक बिजागरी हळूच ढिली करून ठेवली. काल ती घट्ट झालेली होती.

ऑफिसात मला सोपेबाई म्हणतात. आधी चेष्टेनं म्हणायचे, आता ते आडनावच झालंय, एकदा पोस्टानं पाकीटही त्या नावानं आलं. मी इथे टाइपिस्ट म्हणून लागले. शाळेनंतरचं माझं सगळं शिक्षण म्हणजे शास्त्रज्ञांनी लिहिलेलं आणि मी टाइप केलेलं. टाइप करता करता लक्षात यायला लागलं की पाच ओळींचं वाक्य दीड ओळीत मावतं आणि तरी काही सांडत नाही. मोठ्या साहेबांच्या नजरेत ते भरलं आणि त्यांनी मला टाइपरायटरवरून उठवून खिडकीजवळची जागा दिली. तेव्हापासून शास्त्रज्ञांचं म्हणणं शेतकऱ्यांना कळेल असं करायचं, हे माझं काम. उंटावरून शेळ्या हाकायच्याच असतात, निदान हाळी तरी शेळ्यांच्या भाषेत असावी, असं साहेब म्हणतात आणि स्वतःच हसतात.

भाताचं प्रकरण मला कुणी शिकवावं लागलं नाही. शेतात महिनोन्महिने पाणी तुंबून राहिलं की मातीला हवा लागत नाही, तळचा पालापाचोळा कुजतो, आणि त्यातून जो वायू वर येतो तो आभाळाला पांघरुणासारखा ऊब धरून ठेवतो. शास्त्र एवढंच. लहानपणी मी आणि धाकटा बांधावर पोटावर पडून काठीनं चिखल टोचायचो. बुडबुडे यायचे, एकामागून एक, गढूळ, काचेच्या गोट्यांएवढे. अण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे, “टोचू नका रे, जमीन ढेकर देतेय. पोट भरलंय तिचं.” त्या ढेकरा मोजायला एक दिवस सुया येतील आणि त्या कमी करायला मीच पत्रक लिहीन, हे त्या बांधावर कुणी सांगितलं असतं तर धाकट्यानं त्याला चिखलात ढकललं असतं.

उपायही साधा आहे, आणि खरा आहे. तो खोटा असता तर आज मला एवढं जड गेलं नसतं. शेत सतत बुडवून ठेवायचं नाही. भोकं पाडलेला पाइप मातीत रोवायचा, आतली माती काढून टाकायची, म्हणजे जमिनीखाली पाणी कुठवर उतरलंय ते पाइपात दिसतं. पंधरा सेंटिमीटर खाली गेलं की पुन्हा पाणी द्यायचं, त्याच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. मातीला श्वास मिळतो, गॅस घटतो, पाणी वाचतं, पीक जसंच्या तसं येतं. शास्त्रज्ञांच्या कागदावर हे सहा पानांत होतं. मी ते एका पानावर आणलं. पंधरा सेंटिमीटरपाशी माझं घोडं अडलं. बांधावर फूटपट्टी घेऊन कोण जातं? मी टेबलावरची पट्टी घेतली, तिच्यावर आपला पंजा ताणून ठेवला. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पंधरा आणि वर एक केसभर. मला इतका आनंद झाला की मी उठून चहा करून घेतला. मग लिहिलं: काडीवर वीतभर अंतरावर खूण करा. काडी पाइपात सोडा. पाणी वीतभर खाली गेलं की शेताला पाणी द्या. साहेबांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. म्हणाले, याला मातीचा वास आहे. चित्रकाराकडून एक मोठा पसरलेला हात काढून घेतला. हात फारच मोठा झाला, म्हणून खालच्या दोन ओळी उडवाव्या लागल्या. त्यातली एक अशी होती की फुलोऱ्याच्या दिवसांत मात्र शेत कोरडं पडू देऊ नये. कुठली उडवू असं चित्रकारानं मला विचारलं होतं. मी म्हटलं, शेवटच्या दोन उडव, एवढं शेतकऱ्याला कळतंच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. मी तर चांगला पानभर दाखवला.

दुपारी मीटिंग होती. लांब टेबल, काचेचे पेले, प्रत्येकापुढे एक पेन्सिल, जिला कुणी हात लावत नाही. आकडेवालीनं भिंतीवर तक्ता दाखवला. ही आमच्याकडची सगळ्यात हुशार मुलगी, पायात खेळाडूंचे बूट घालून येते आणि कुणाची भीड ठेवत नाही. चाळीस शेतं, एकरी गॅस अठ्ठेचाळीस टक्क्यांनी कमी. टेबलावर खरोखरच टाळ्या झाल्या. मग ती म्हणाली की शेवटचा रकाना आहे तो दर किलो तांदळामागे किती गॅस याचा, आणि त्यात आठ ठिकाणी आकडा येत नाही. साहेबांनी विचारलं, का येत नाही. ती म्हणाली, “भागाकार होत नाही, सर. खाली शून्य आहे.” शून्यानं भागायचं नसतं हे शाळेत सगळ्यांना शिकवतात, का नसतं ते कुणी सांगत नाही. खाली शून्य म्हणजे खळ्यावर बसलेला माणूस, पुढ्यात लोंब्यांचा ढीग, आणि लोंबी चोळली की तळहातावर नुसतं पोचट टरफल. फुंकर घातली की तळहात मोकळा. साहेब तक्त्याकडे बघत म्हणाले, “मग तो रकानाच काढा.” आकडेवालीनं माझ्याकडे बघितलं. का बघितलं कोण जाणे, मी तिच्यासमोर बसले होते एवढंच असेल. मी पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

मग माझी पाळी आली. पुढच्या हंगामात पत्रक तिप्पट गावांत जायचंय, उद्या सकाळी छपाईला, तेव्हा पुन्हा एकदा नजर टाका, असं साहेब म्हणाले. त्या आठ शेतांबद्दल वरून विचारणा होईल, म्हणून एक टीपही घालायची होती. त्यांनी ती लिहूनच आणली होती: सूचनांचे यथायोग्य पालन न झाल्याने काही लाभधारकांचे पीक हाती आले नाही, सबब त्यांना पुढील हंगामात वगळण्यात येत आहे. “हे जरा सोपं करा, सोपेबाई,” ते म्हणाले. पत्रकातही खाली टाका, म्हणजे बाकीचे नीट वाचतील. वगळणं म्हणजे काय ते त्या टेबलावर फक्त मला ठाऊक होतं. कालव्याचं पाणी आता आमच्या कार्यक्रमातल्या शेतांना आधी मिळतं, उरलं तर बाकीच्यांना. धाकट्याचं शेत कालव्याच्या शेपटाकडे. वगळलं की त्याच्यापर्यंत पाणी पोचणार ते रोपं करपून गेल्यावर. मी घसा साफ केला. वीत काढून सेंटिमीटर घालावेत का, असं काहीतरी विचारलं. साहेबांना नवल वाटलं. वीत तर आपली ओळख आहे, म्हणाले, पत्रकावर एवढा मोठा हात आहे. का, काही अडचण आहे का?

“नाही,” मी म्हटलं. “सहज.”

हा सहज शब्द मी उसना घेतला होता. आठवड्यापूर्वी भावजयीचा फोन आला होता, धाकटा आंघोळीला गेला असताना. ती नेहमी दोनच गोष्टी विचारते, जेवतात का आणि झोपतात का. त्या दिवशी दोन्ही विचारून झाल्यावर थांबली, आणि मग सांगायला लागली की शेजारच्या बांधावरच्या काकूंचं भात काय भरलंय, बघत राहावं. काकू एकटीच, नवरा जाऊन बारा वर्षं झाली, शेत ती स्वतः करते. तिनंही ते पाइप रोवले होते, काडीही केली होती, आपल्या मापानं. वरच्या आळीतल्या दोघी जावांचंही भरलं. या रेताड पट्ट्यात पुरुषांनी पाहिलेली शेतं तेवढी गेली. हे ती अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्या तशा बोलत होती. मग म्हणाली, “ताई, तुमचा हात लहान आहे ना हो? सहज विचारलं.” मी म्हटलं, बाई गं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. शेगडीवर काही नव्हतं.

माझा हात लहान आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तो तर घरातला विनोद होता. लावणीत मला रोपांची जुडी धरता यायची नाही. अण्णा माझा पंजा आपल्या पंजावर ठेवायचे, माझी बोटं त्यांच्या दुसऱ्या पेराला संपायची. “हा पंजा चिमणीचा,” म्हणायचे, “हिला लेखणी द्या.” आणि धाकट्याचा हात हातात घेऊन म्हणायचे, हा माझा. चौदा वर्षांचा असतानाच त्याचा पंजा अण्णांच्या पंजाएवढा झाला होता. बांधाची लांबी, भिंतीतलं बीळ, कोंबडीच्या खुराड्याचं दार, अण्णा सगळं विती टाकून मोजायचे, आणि मला बजावून सांगायचे की तू मोजलंस तर दीडपट कर. दीडपट कर. हे मला पाठ होतं. पट्टीवर हात ठेवला त्या दिवशी ते कुठे गेलं होतं? कुठेही गेलं नव्हतं, तिथेच असणार, दाराबाहेर उभं. पण शब्द इतका छान बसला होता की मी दार उघडलं नाही. शिकलेल्या लोकांच्या चुका निदान कळण्यासारख्या असतात, त्यांना माहीत नसतं म्हणून होतात. माझी चूक मला सगळं माहीत असून झाली, आणि तिच्यावर शाबासकी मिळाली.

ऑफिस सुटल्यावर मी चालतच घरी गेले. पिशवीत पत्रकाचं प्रूफ होतं आणि साहेबांची टीप. रस्त्यावर दुकानांची शटरं अर्धी वर होती, एका हॉटेलच्या मागच्या दारी उरलेल्या भाताचं पातेलं कुणीतरी गटारात रिकामं करत होतं, पांढरा ढीग पाण्यात फुगून फुटत होता आणि त्याच्यातूनही बारीक बुडबुडे येत होते. मी थांबून बघत राहिले. पातेलेवाला म्हणाला, काय पाहिजे बाई. मी म्हटलं, काही नाही. चालता चालता मी टीप सोपी करत होते. सवयच ती, डोक्यात वाक्य पडलं की त्याची सालं निघायला लागतात. ज्यांनी सांगितल्याप्रमाणे केलं नाही, त्यांचं पीक गेलं. सात शब्द. चांगलं होतं, एका दमात म्हणता येत होतं. मला माझीच शिसारी आली आणि तरी मनात आलं की ‘सांगितल्याप्रमाणे’ जरा लांब आहे.

धाकटा घरी नव्हता. शेगडीवर कुकर तयार होता, ओटा पुसलेला होता. खिडकी नेहमीसारखी उघडी, तावदान वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली एक काडी तिरकी लावलेली. ती काडी मी गेले अठरा दिवस बघत होते. बांबूची, बोटाएवढी जाड, एका बाजूला चाकूनं पाडलेली खाच आणि तिथवर मातीचा पुसट रंग चढलेला. अठरा दिवस मी तिला खिडकीची काडी म्हणत आले. आज मी तावदान डोक्यानं तोललं, काडी काढली, आणि शिवणाच्या डब्यातली टेप लावली. टोकापासून खाचेपर्यंत चोवीस. पुन्हा लावली. चोवीसच. इतक्या खालवर पाणी जाईपर्यंत त्यानं वाट पाहिली होती, फुलोऱ्यात, गरम वाऱ्यात, रेताड जमिनीत. भावजय नक्की म्हणाली असणार की आता पाणी द्या, आणि त्यानं काडी दाखवली असणार, की ताईनं लिहिलंय, अजून दोन बोटं आहेत. मी काडी होती तशी लावून ठेवली. टेप गुंडाळून डब्यात ठेवली.

मग मी टेबलाशी बसून प्रूफवर काम केलं. वीतभर खोडलं, तिथे पंधरा सेंटिमीटर लिहिलं. शेजारी एक पट्टी काढली, काडी तिच्यावर धरून खूण करता येईल अशी, खऱ्या मापाची. फुलोऱ्याची ओळ परत घातली. साहेबांना काय सांगायचं तेही ठरवलं, की वीत जुनी वाटते, तरुण शेतकऱ्यांना सेंटिमीटर आवडतात. सगळं अगदी शांतपणे जमत होतं. पुढच्या हंगामात कुणाचं पीक जाणार नाही, कुणाला काही कळणार नाही, आणि या वर्षीचं या वर्षातच राहील. खाली टिपेची जागा रिकामी होती. तीत मी ते सात शब्द लिहिले, कारण टीप तर द्यायलाच हवी होती, साहेबांनी सांगितली होती. लिहून झाल्यावर वाचलं आणि मला बरं वाटलं. हेही सांगायला हवं. एक क्षणभर मला खरंच बरं वाटलं.

धाकटा आला तो हातात नवीन बिजागरी घेऊन. जुनी घट्ट केलीय पण टिकायची नाही, म्हणाला, आतून झिजलीय. हात धुऊन माझ्यासमोर बसला. कागदावरचा हात त्यानं ओळखला. मी घाईघाईनं सांगायला लागले, की बघ, दुरुस्त केलंय, पट्टी घातलीय, फुलोऱ्याचं घातलंय, आता गडबड व्हायची नाही. तो ऐकत होता. त्यानं आपला पंजा त्या छापलेल्या हातावर ठेवला. छापलेला हात त्याच्याखाली जवळजवळ झाकून गेला, कडेनं फक्त एक काळी रेघ राहिली. नखांत अजून मातीच होती की नळाचा गंज, कुणास ठाऊक. मी म्हटलं, तुझा हात म्हणजे अण्णांचाच, केवढा तो, त्यानंच तर घोटाळा झाला. हे मी हसत म्हटलं. तो हसला नाही. त्यानं पंजा उचलला, आणि मग त्याची नजर खाली गेली, टिपेवर. तो सावकाश वाचतो, लहानपणापासून, ओठ हलवत. सात शब्द त्यानं ओठ हलवत वाचले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचले. उठून खिडकीशी गेला, तावदान एका हातानं तोललं, काडी काढली आणि आणून कागदावर माझ्यासमोर ठेवली, खाच वर करून. मागे तावदान आपटलं.

“मी सांगितल्याप्रमाणेच केलं, ताई,” तो म्हणाला. “तुझा एकेक शब्द पाळला. म्हणून गेलं पीक.”